इथियोपियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना: वार निवडण्यापासून कॉफीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत

मुंबईहून आदिस अबाबाला इथियोपियन एअरलाइन्सचे थेट विमान जाते आणि आफ्रिकेत पुढे जाणारे अनेक मराठी प्रवासी तिथे विमान बदलतात. मधला मुक्काम पुरेसा मोठा असेल आणि शहरात जाण्याची मुभा असेल, तर विमानतळाजवळच्या बोले भागात रात्रीचे जेवण आरामात होऊ शकते. अमेरिकेत राहणाऱ्यांना तेवढे लांब जाण्याचीही गरज नाही. वॉशिंग्टनमधील यू स्ट्रीट आणि शॉ या भागांत, तसेच लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स अव्हेन्यूवर, ज्या पट्ट्याला २००२ मध्ये ‘लिटल इथियोपिया’ हे अधिकृत नाव मिळाले, तिथे इथियोपियन कुटुंबांनी चालवलेली चांगली रेस्टॉरंट आहेत. तरीही पहिल्यांदा जाणारी आपली मंडळी पुष्कळदा अर्धवट समाधानाने परततात. प्रत्येकजण आपापला वेगळा पदार्थ मागवतो, शाकाहारी असल्याचे अशा शब्दांत सांगितले जाते की स्वयंपाकघरात त्याचा नीट अर्थ लागत नाही, आणि जेवण संपताच उठून गेल्यामुळे कॉफी राहून जाते. इथियोपियन जेवण हे साऱ्या टेबलाचे मिळून एकच ताट असते. ही गोष्ट आधी ध्यानात घेतली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

आधी वार पाहावा

इथियोपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चचे अनुयायी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास पाळतात. हा उपवास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी काहीही न खाणे. धान्य, डाळी, भाज्या आणि तेल चालते. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास ५५ दिवसांचा असतो, ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांचा फिल्सेता येतो आणि ७ जानेवारीला साजऱ्या होणाऱ्या त्यांच्या नाताळाआधीही काही आठवडे उपवास असतो. त्यामुळे वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ देशातल्या मोठ्या लोकसंख्येसाठी रोज शुद्ध वनस्पतिजन्य स्वयंपाक होत असतो, आणि तो नाइलाजाचा पर्याय नसून शतकानुशतके घोटलेली पाककला आहे.

यावरून माझा आग्रहाचा सल्ला असा की शाकाहारी माणसाने बुधवार किंवा शुक्रवार निवडावा. त्या दिवशी उपवासाचे सर्व प्रकार ताजे केलेले असतात, ताटात विविधता असते आणि तेलात शिजवलेल्या भाजीला लोणी लागण्याची शक्यता कमी असते. मांसाहारी मंडळींनी मात्र इतर वार पाहावेत, कारण मोठ्या उपवासाच्या काळात आदिसमधली कित्येक मटणाची दुकाने बंद असतात आणि लहान खानावळींत केवळ उपवासाचेच जेवण मिळते. ईस्टरनंतरच्या ५० दिवसांत बुधवार-शुक्रवारचा नियम शिथिल असतो, हेही लक्षात ठेवावे. देशाबाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये वारांचा इतका फरक पडत नाही, कारण तिथे शाकाहारी ताट रोजच असते.

शाकाहार सांगताना ‘व्हेजिटेरियन’ या शब्दापेक्षा ‘त्सोम’ हा अम्हारिक भाषेतला शब्द वापरावा. त्सोम म्हणजे उपवास. ‘येत्सोम’ म्हटले की वेटरला मांस, अंडे आणि लोणी तिन्ही वगळायचे आहे हे एका शब्दात कळते. नुसते ‘मांस नको’ असे सांगितले तर मसाल्याचे लोणी घातलेला पदार्थ समोर येऊ शकतो. तुपाचे वावडे नसलेल्यांना त्याने फरक पडणार नाही, पण दुग्धजन्य पदार्थ टाळणाऱ्यांनी ही काळजी घ्यायलाच हवी. आणखी एक सूचना: काही ठिकाणी उपवासात मासे चालतात असे मानले जाते, म्हणून ‘आसा’, म्हणजे मासा, नको हे वेगळे सांगावे. कांदा आणि लसूण मात्र जवळजवळ प्रत्येक रस्सेदार पदार्थाच्या मुळाशी असतो, तेव्हा जैन पद्धतीने जेवणाऱ्यांना इथे फार वाव नाही.

टेबल राखताना घड्याळाचा घोळ टाळावा

इथियोपियात दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजतो आणि संध्याकाळच्या सातला रात्रीचा एक. परदेशी पाहुण्यांशी बोलताना कर्मचारी बहुधा आपल्याच पद्धतीची वेळ सांगतात, तरीही फोनवर टेबल राखताना ही वेळ ‘फेरेंज’, म्हणजे परदेशी माणसाच्या, घड्याळाची आहे ना, एवढे विचारून घ्यावे. योद अबिसिनियासारख्या आदिसमधल्या मोठ्या पारंपरिक रेस्टॉरंटमध्ये रात्री वाद्यवृंद आणि नृत्य असते. खांदे विलक्षण वेगाने हलवून केले जाणारे एस्किस्ता नृत्य पाहायचे असेल तर तिथे जावे, पण शांतपणे जेवायचे आणि बोलायचे असेल तर दुपारची वेळ किंवा एखादे लहान रेस्टॉरंट निवडावे. शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच असल्यामुळे रात्री चांगलाच गारवा असतो. स्वेटर जवळ असू द्यावा.

बसणे आणि हात धुणे

पारंपरिक जागी बुटक्या स्टुलांवर बसवतात आणि मधोमध मेसोब असतो. मेसोब म्हणजे गवताच्या रंगीत काड्यांनी विणलेले, कमरेशी निमुळते झालेले टोपलीसारखे टेबल. त्याच्यावरचे उंच झाकण काढले की आत मोठे गोल ताट बसते. या ताटाला गेबेता म्हणतात. साध्या ठिकाणी नेहमीचे टेबल-खुर्च्या असतात, पण ताट तेवढेच मोठे आणि एकच असते.

जेवणाआधी कोणी झारी आणि तस्त घेऊन आले तर दोन्ही हात पुढे करावेत, तो पाणी ओततो. तशी पद्धत नसेल तर बेसिनवर जाऊन यावे. हे टाळता येणारे काम नाही, कारण पुढचा सगळा वेळ सर्वांचे हात एकाच ताटात असणार आहेत. जेवण उजव्या हातानेच असते आणि ही सवय आपल्याला वेगळी शिकावी लागत नाही. चमचा मागितल्यास मिळतो, पण मागू नये असे मला मनापासून वाटते.

इंजेरा समजून घ्यावा

ताटभर पसरलेला राखाडी-तपकिरी रंगाचा, स्पंजासारखा मऊ थर म्हणजे इंजेरा. तो तेफ या अतिशय बारीक दाण्याच्या धान्यापासून करतात. पिठात आधीच्या घाण्यातले आंबवण घालून ते दोन-तीन दिवस आंबवतात, मग मितद नावाच्या मोठ्या तव्यावर कडेपासून आत गोलगोल ओतत नेतात आणि झाकण ठेवून एकाच बाजूने भाजतात. वरच्या अंगाला असंख्य छिद्रे पडतात. त्यांना डोळे म्हणतात आणि ते दाट, एकसारखे पडले असतील तर इंजेरा चांगला साधला असे मानले जाते. ही छिद्रेच रस्सा धरून ठेवतात.

पांढऱ्या तेफचा इंजेरा सौम्य लागतो, तांबड्या तेफचा गडद आणि अधिक मातकट चवीचा असतो. पहिल्या घासाला आंबटपणा जास्त वाटतो. नुसता इंजेरा चाखून मत बनवू नये, तिखट रश्शाबरोबर तोच आंबटपणा हवासा वाटू लागतो. तेफमध्ये ग्लूटेन नसते, पण इथियोपियाबाहेर, आणि कधीकधी देशातही, पिठात गहू किंवा जव मिसळतात. ज्यांना गव्हाचा त्रास होतो त्यांनी इंजेरा शंभर टक्के तेफचा आहे का हे विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर तो टाळावा. काही रेस्टॉरंट आधी सांगितल्यास शुद्ध तेफचा इंजेरा वेगळा करून देतात.

मेनू वाचताना

मेनूवरचे बहुतेक शब्द थोड्या मुळांतून तयार झालेले असतात. वॉट म्हणजे दाट रस्सा. त्याची सुरुवात भरपूर बारीक चिरलेल्या कांद्याने होते. तो कांदा तेल न घालता मंद आचेवर, अधूनमधून पाण्याचा हबका मारत, पार विरघळेपर्यंत परततात आणि त्यानंतरच तेल किंवा लोणी पडते. वॉटला दाटपणा येतो तो या कांद्यामुळे. लाल वॉटमध्ये बर्बरे हा मसाला असतो. सुकी लाल मिरची, आले, लसूण, मेथी, ओवा, कलौंजी आणि कोरारिमा ही तिथली वेलची यांचे ते मिश्रण असते. अलिचा म्हणजे बर्बरे न घालता हळदीवर केलेला सौम्य प्रकार, लहान मुलांसाठी आणि तिखट न खाणाऱ्यांसाठी योग्य. तिब्स म्हणजे कांदा-मिरचीबरोबर परतलेले मांसाचे तुकडे. फिरफिर म्हणजे इंजेराचे तुकडे रश्शात कालवून केलेला पदार्थ, जो मुख्यतः न्याहारीला खातात.

मांसाची नावेही ओळखून ठेवावीत. डोरो म्हणजे कोंबडी, बेग म्हणजे मेंढी, फियेल म्हणजे शेळी आणि बेरे म्हणजे बैल. नुसते सिगा लिहिलेले असेल तर ते बहुतेक वेळा गोमांस असते, आणि तिब्सही न सांगता मागवले तर अनेकदा गोमांसाचेच येते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी ‘येबेग तिब्स’ किंवा ‘येफियेल तिब्स’ असे स्पष्ट सांगावे. डुकराचे मांस मात्र ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही खात नसल्यामुळे पारंपरिक रेस्टॉरंटमध्ये ते नसतेच.

शाकाहारी माणसासाठी सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत चविष्ट मागणी एकच: ‘येत्सोम बेयायनेतू’. एका इंजेरावर उपवासाचे सर्व प्रकार थोडेथोडे वाढून येतात. त्यात लाल मसुरीचा तिखट मिसिर वॉट, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा कीक अलिचा, कोबी-गाजर-बटाट्याची तिकिल गोमेन, फरसबी-गाजराची फोसोलिया, हिरव्या पालेभाजीची गोमेन, बहुधा बीट आणि टोमॅटोची तिखट कोशिंबीर असते. मोहरीचा झणका असलेली थंड मसुरीची अझिफा मिळाली तर ती सोडू नये. शिरो वेगळा मागवावा. भाजलेल्या चण्याच्या पिठात मसाला घालून केलेला हा पदार्थ आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ आहे, आणि तेगाबिनो शिरो मातीच्या भांड्यात रटरट उकळत टेबलावर येतो. त्याचा पहिला घास घाईने घेतला तर जीभ भाजते, म्हणून तो इंजेरावर ओतून घ्यावा आणि थोडे थांबावे.

काही नावे मात्र फसवी आहेत. बोझेना शिरोमध्ये मांसाचे तुकडे असतात. गोमेन बेसिगा ही मांस घातलेली पालेभाजी आहे. क्वांता फिरफिरमध्ये वाळवलेले गोमांस असते. साधा फिरफिरही मांसाच्या रश्शात कालवलेला असू शकतो, म्हणून तिथेही ‘येत्सोम’ हा शब्द जोडावा.

मांसाहारी माणसाने एकदा तरी डोरो वॉट खावा. कांदा, बर्बरे आणि मसाल्याचे लोणी यांत कोंबडी तासन्‌तास शिजते आणि शेवटी त्यात उकडलेली अख्खी अंडी सोडतात. ईस्टरला ५५ दिवसांचा उपवास याच पदार्थाने सुटतो. घरी पद्धतशीर करणारी गृहिणी कोंबडीचे १२ तुकडे करते आणि एकेक तुकडा लिंबू-मिठाच्या पाण्यात अनेकदा धुऊन घेते. रेस्टॉरंटमध्ये वाढणीला बहुधा एक तुकडा आणि एक अंडे येते आणि बाकी सारा रस्सा असतो. वाढणी कमी आली असे समजू नये, खरा पदार्थ तो रस्साच आहे.

किती मागवावे आणि ताट कसे विभागावे

दोन माणसांना एक बेयायनेतू आणि एक शिरो किंवा वॉट बहुतेक वेळा पुरतो. चौघांना दोन बेयायनेतू आणि दोन वेगळे पदार्थ पुरेसे होतात. इंजेरा पोटात गेल्यावर भरल्यासारखे हळूहळू वाटू लागते, म्हणून सुरुवातीला कमीच मागवावे आणि लागल्यास पुन्हा मागवावे. जादा इंजेरा गुंडाळून शेजारी येतो, आणि अनेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, पण परदेशात ते विचारून घ्यावे.

आपल्याकडच्या गटांत शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असतात आणि एकाच ताटाची पद्धत म्हटली की अडचण वाटते. ती सोडवण्याची रीत इथियोपियातच आहे, कारण एकाच कुटुंबात कोणी उपवास करतो आणि कोणी करत नाही. ‘लेबिचा’, म्हणजे वेगवेगळे, असे सांगावे. उपवासाचे ताट आणि मांसाचे ताट निरनिराळे येते आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. एकाच ताटात कडेला भाज्या आणि मध्ये मांस अशी तडजोड मात्र शाकाहारी माणसाने स्वीकारू नये. इंजेरा रस्सा शोषतो आणि अर्ध्या जेवणात ओहोळ एकमेकांत मिसळतात.

जेवण्याची रीत

गुंडाळलेल्या इंजेराचा दोन-तीन बोटे रुंदीचा तुकडा उजव्या हाताने तोडावा. तो पदार्थावर ठेवून अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी चिमटीत धरल्यासारखा उचलावा, म्हणजे भाजी इंजेराच्या आत राहते आणि बोटांना रस्सा लागत नाही. तळहात तर कोरडाच राहायला हवा. बोटे चाटणे तिथे चांगले दिसत नाही. आपल्यासमोरच्या भागातून खावे, पलीकडच्या माणसाच्या पुढ्यात हात घालू नये. दूरचा पदार्थ हवा असेल तर सांगावे, कोणीतरी चमच्याने आपल्या बाजूला वाढून देतो. ताटात तळाशी पसरलेला इंजेरा शेवटपर्यंत राहू द्यावा. सगळे रस्से त्यात मुरलेले असतात आणि माझ्या मते जेवणातला सर्वांत रुचकर भाग तोच.

जेवताना यजमान किंवा शेजारचा मित्र एक मोठा घास करून आपल्या तोंडाशी आणेल. हा गुर्शा. तो आपुलकीचा आणि मानाचा असतो, नाकारला तर मन दुखावते. घास मोठा असला तरी तोंड नीट उघडून तो पूर्ण घ्यावा आणि थोड्या वेळाने आपणही एक घास भरवावा. मांस वर्ज्य असेल तर घास पुढे येण्यापूर्वीच ‘त्सोम’ म्हणून सांगून ठेवावे, म्हणजे भाजीचा घास येतो आणि कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही. शेजारच्या टेबलावरून कोणी ‘इनिब्ला’ म्हटले तर ते ‘या, जेवू या’ असे आमंत्रण असते. हसून आभार मानले की पुरते.

कच्च्या मांसाबद्दल स्पष्ट बोलावे

किटफो हा गुरागे लोकांचा पदार्थ. बारीक केलेले गोमांस मसाल्याच्या लोण्यात आणि मितमिता या फार तिखट पुडीत कालवतात आणि केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेत या झाडापासून केलेली कोचो भाकरी, पालेभाजी आणि आयिब हे ताजे पनीर यांच्याबरोबर देतात. तो मुळात कच्चा असतो. ‘लेब लेब’ सांगितले तर किंचित गरम करतात, ‘येबेसेले’ सांगितले तर पूर्ण शिजवतात. गोरेद गोरेदमध्ये तर कच्च्या मांसाचे चौकोनी तुकडेच असतात. कच्च्या गोमांसातून पट्टकृमी होण्याचा धोका खरा आहे. इथियोपियात त्यासाठी कोसो या झाडाच्या फुलांचे औषध पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, यावरून तो किती जुना आहे ते कळते. गर्भवती स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांनी कच्चे मांस खाऊ नये, आणि इतरांनीही ‘येबेसेले’ म्हणण्यात संकोच करू नये. वेटरला ही मागणी नेहमीचीच असते.

पेये

आंबो हे नैसर्गिक बुडबुड्यांचे खनिज पाणी जेवणाबरोबर उत्तम जाते. ‘स्प्रिस’ मागवला तर अव्होकाडो, आंबा, पपई यांचे दाट रस एकावर एक थर देऊन येतात. तो इतका दाट असतो की जेवणाबरोबर न घेता आधी किंवा नंतर घ्यावा. मद्य घेणाऱ्यांसाठी तेज हे मधाचे पेय आहे. त्याला गेशो या झुडपाच्या पानांनी कडवट धार येते आणि ते बेरेले नावाच्या लांब मानेच्या, गोल बुडाच्या काचपात्रात देतात. गोडव्यामुळे ते सौम्य वाटते, पण चढते. आदिसच्या उंचीवर नुकतेच उतरलेल्या माणसाने बेताने घ्यावे.

बुना, तीन फेऱ्यांसह

कॉफीसाठी निदान पाऊण तास मोकळा ठेवावा, आणि जेवण मागवतानाच पारंपरिक बुना हवा असल्याचे सांगावे, कारण त्याची सुरुवात हिरव्या बिया धुण्यापासून होते. जमिनीवर हिरवे गवत पसरलेले असते. पांढरा काठदार पोशाख घातलेली स्त्री निखाऱ्यावरच्या लहान कढईत बिया हलवत राहते. त्या तडतडू लागतात, तेलाने चकाकतात, आणि मग ती धुराने भरलेली कढई घेऊन प्रत्येक पाहुण्यासमोरून फिरवते. कढई समोर आली की हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यावा आणि दाद द्यावी. बाजूला ऊद जळत असतो. बिया कुटून जेबेना या काळ्या मातीच्या सुरईत उकळतात आणि गाळ बसल्यावर उंचावरून, एकाच धारेत, बिनकानाच्या लहान कपांत ओततात. या कपांना सिनी म्हणतात. सोबत लाह्या किंवा भाजलेल्या जवाचा कोलो येतो.

पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका. त्याच भुकटीवर पुन्हा पाणी घालत असल्यामुळे प्रत्येक फेरी आधीपेक्षा हलकी होते. बेरेका आशीर्वादाची मानली जाते, म्हणून दुसऱ्या कपानंतर उठू नये. साखर बहुतेकजण भरपूर घालतात, नको असेल तर ओतण्याआधी सांगावे. दूध मागणे या समारंभात शोभत नाही. ते हवे असेल तर शहरातल्या कोणत्याही कॅफेत इटालियन धाटणीची माकियातो मिळते.

बिल आणि उरलेले जेवण

बिल मागताना ‘हिसाब’ म्हणावे. आदिसमधल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मेनूवरच्या दरात १५ टक्के मूल्यवर्धित कर आणि अनेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क मागाहून जोडले जाते, म्हणून दर कराशिवाय आहेत का हे आधी पाहून घ्यावे. रोख बिर्र, म्हणजे तिथले चलन, जवळ असू द्यावेत, लहान ठिकाणी परदेशी कार्ड चालेलच असे नाही. सेवाशुल्क लावलेले असले तरी कॉफी करणाऱ्या स्त्रीला वेगळी बक्षिसी द्यावी, तिचे काम सर्वांत वेळखाऊ असते. निघताना ‘आमेसेगिनालेहू’, म्हणजे आभारी आहे, म्हणावे.

उरलेले बांधून घेताना वॉट एका डब्यात आणि कोरडा इंजेरा दुसऱ्यात, असे सांगावे. एकत्र बांधले तर घरी पोहोचेपर्यंत सगळ्याचा लगदा होतो. दोन्ही फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉट पाण्याचा हबका मारून चांगला उकळवावा, त्यात इंजेराचे तुकडे टाकून परतावेत आणि फिरफिर करून खावा.